यंत्राचा हिशोब आणि माणसाचा जीव
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)





समितीने आम्हाला विषय दिला तो 'यंत्रयुग आणि माणूस'. विषय मोठा, आणि आम्ही पडलो सूतगिरणीतले कामगार. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते रात्रपाळी करून, याच विहाराच्या वाचनालयातल्या कपाटापुढे बसून. तेव्हा विद्वानांसारखे बोलणे आम्हाला जमणार नाही. म्हणून आम्ही विषय जरा आवळून घेतला आहे. प्रश्न एवढाच ठेवतो : जिवंत जिवाचे काय करायचे, त्याला जगू द्यायचे की नाही, त्याला अन्न, औषध, पेन्शन द्यायची की नाही, हे यंत्राच्या तर्काने ठरवावे काय?

कोणी म्हणेल, हा प्रश्न सिनेमातला आहे. आपल्या वस्तीत कुठे असली यंत्रे आली? बंधूंनो, आली आहेत. रेशनच्या दुकानात अंगठ्याचे मशीन आहे. बँकेत कर्जाचा अर्ज टाकला तर माणसाने तो वाचण्याआधी कॉम्प्युटर तुमचा आकडा काढून ठेवतो. नोकरीचा अर्ज कित्येक ठिकाणी आधी यंत्र चाळते, उरलेला माणूस वाचतो. तेव्हा हा प्रश्न दाराबाहेरचा राहिलेला नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. ज्यांना चरख्याची आणि बैलगाडीची फार ओढ आहे त्यांना ती लखलाभ असो. आपल्या बापजाद्यांनी ते जुने सुख पाठीवर भोगलेले आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी यंत्राची बाजू ठामपणे मांडली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, माणसाला जनावरासारखे राबण्यातून सुटायचे असेल आणि विचार करायला फुरसत हवी असेल, तर यंत्राशिवाय गत्यंतर नाही. यंत्रापासून त्रास होत असेल तर दोष यंत्राचा नसून ज्या समाजरचनेत यंत्राचा नफा मूठभरांच्या हाती जातो तिचा आहे. हा विचार आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. याच बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना कामगारांच्या कायद्यांना हात घातला आणि १९४६ च्या कारखाने कायद्याच्या दुरुस्तीने आठवड्याचे काम ४८ तासांवर आले. म्हणजे यंत्र राहू द्या, पण यंत्र किती वेळ आणि कोणाच्या जिवावर चालेल हे माणसांनी कायद्याने ठरवावे, ही त्यांची रीत. आजच्या आमच्या बोलण्याचा पाया हाच आहे.

आता आमच्या खात्यातली गोष्ट सांगतो. ज्यांनी गिरणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो की, वाइंडिंग खात्यात ऑटोकोनर नावाचे मशीन असते. बॉबिनवरचे सूत ते कोनावर भरते. भरताना प्रत्येक धागा एका छोट्या डोळ्यासमोरून जातो. त्याला क्लिअरर म्हणतात. धागा ठरल्यापेक्षा जाड आला, तोडला. पातळ आला, तोडला. मग मशीनच दोन टोके सांधते आणि पुढे चालू लागते. असे दिवसातून किती वेळा होत असेल, त्याची मोजदाद नाही. आम्ही त्या यंत्राला नावे ठेवणार नाही. आमच्या डोळ्यांना जे दिसणार नाही ते त्याला दिसते, आणि त्याच्यामुळे आमच्या आयाबहिणींचे डोळे वाचले.

पण त्यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, जाड म्हणजे किती जाड आणि पातळ म्हणजे किती पातळ, हे क्लिअरर ठरवत नाही. ते स्पिनिंग मास्तर ठरवतो, आकडा घालतो, आणि घरी जातो. रात्रभर यंत्र तोडत राहते, पण हुकूम मास्तरचा असतो. दुसरी गोष्ट अशी की, सूत तोडले तर सांधता येते. सुताला दुखत नाही, सुताची पोरेबाळे नसतात. माणसाला मात्र एकदा तोडले की त्याला सांधणारे मशीन अजून निघालेले नाही. सुताला लावायचा नियम माणसाला लावताना हा फरक विसरला जातो. आमचे भांडण त्याच्याशी आहे.

या विसरण्याने काय होते, याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण सांगतो. कॅनडातील एका सरकारी कंपनीने 'थेरॅक-२५' नावाचे कॅन्सरवर किरणोपचार करणारे मशीन काढले होते. त्याच्याआधी 'थेरॅक-२०' होते. त्या जुन्या मशीनला आपल्या कार्डिंग मशीनसारखी लोखंडी सुरक्षा होती. कार्डिंगमध्ये सिलेंडर फिरत असला की दाराला कुलूप असते. स्विच बंद केला तरी सिलेंडर थांबेपर्यंत दार उघडत नाही, कारण तेवढ्या वेळात हात जाईल हे ज्याने ते बनवले त्याला ठाऊक होते. तसेच त्या जुन्या मशीनमध्ये किरणांची मात्रा चुकली की आपोआप फ्यूज उडायचा. नव्या मशीनमध्ये कंपनीने ही लोखंडी कुलपे काढून टाकली. म्हणाले, आता सगळे कॉम्प्युटर बघेल.

१९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना या मशीनने हवे त्याच्या कितीतरी पट किरण दिले. त्यांतील किमान तिघे दगावले. रुग्ण ओरडत होता की मला भाजले, आणि पडद्यावर फक्त 'बिघाड ५४' एवढी अक्षरे येत होती. कंपनी म्हणत होती, आमच्या यंत्राकडून असे होऊच शकत नाही. शेवटी टेक्सास राज्यातील टायलर गावच्या इस्पितळात एक भौतिकतज्ज्ञ आणि मशीन चालवणारी बाई हे दोघे मशीनपुढे बसले आणि तोच बिघाड पुन्हा घडेपर्यंत कळा दाबत राहिले. तेव्हा कळले की, चालवणाऱ्याने एक अक्षर चटकन दुरुस्त केले की यंत्राचा घोळ होतो. हात सराईत झाला होता, म्हणून तो चटकन चालत होता! आणि पुढे असेही आढळले की, तीच चूक जुन्या मशीनच्या प्रोग्रॅममध्येही होती. फक्त तिथे फ्यूज उडत होते, म्हणून कोणी मेले नाही.

बंधूभगिनींनो, यातून आम्ही गिरणी कामगार एवढेच शिकतो की, यंत्रावर विश्वास ठेवा, पण कुलूप काढू नका. माणसाचा जीव जिथे गुंतला आहे तिथे 'नाही, थांब' म्हणणारे काहीतरी यंत्राच्या बाहेर असले पाहिजे. आणि रुग्णाचे ओरडणे हा पडद्यावरच्या अक्षरांपेक्षा मोठा पुरावा मानला पाहिजे.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे. ते एका माणसाच्या जिवाचे नाही, तर सगळ्या जगाच्या जिवाचे आहे. २६ सप्टेंबर १९८३ ची मध्यरात्र उलटून गेली होती. मॉस्कोजवळच्या सेर्पुखोव्ह-१५ या लष्करी ठाण्यात स्तानिस्लाव पेत्रोव नावाचे ४४ वर्षांचे लेफ्टनंट कर्नल पाळीवर होते. अमेरिकेने अणुबॉम्ब वाहणारी क्षेपणास्त्रे सोडली तर उपग्रहावरून ती ओळखून सांगणारी यंत्रणा त्यांच्यापुढे होती. भोंगा वाजला. यंत्र म्हणाले, एक क्षेपणास्त्र निघाले. मग दुसरे, तिसरे, असे करत पाच निघाले. खात्री किती? सर्वांत वरच्या दर्जाची. दिवस तर भलतेच तापलेले होते. त्याच महिन्याच्या १ तारखेला रशियाने दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडून २६९ माणसे मारली होती.

नियम असा होता की, यंत्राने सांगितले ते वर कळवायचे. वरचे लोक काय करतील ते काही मिनिटांत ठरणार होते. पेत्रोव यांनी विचार केला. अमेरिका खरोखर युद्ध सुरू करणार असेल तर ती फक्त पाच क्षेपणास्त्रांनी कशाला सुरू करील? जमिनीवरचे रडार काही दाखवत नव्हते. यंत्रणाही नवी होती. त्यांनी वर कळवले की हा बिघाड आहे. आणि वाट पाहिली. काहीच आले नाही. मागाहून समजले की, उंचावरच्या ढगांवर सूर्याचे किरण चमकले, त्यालाच यंत्राने क्षेपणास्त्र समजले होते.

या माणसाला बक्षीस काय मिळाले? नोंदवही वेळेवर भरली नाही म्हणून बोलणी बसली! मे २०१७ मध्ये ते वारले. आम्ही हे उदाहरण एवढ्यासाठी दिले की, यंत्र त्या रात्री खोटे बोलत नव्हते. त्याला जे शिकवले होते त्याप्रमाणे त्याचा तर्क बरोबर होता. प्रकाश दिसला, तेव्हा क्षेपणास्त्र. पण 'असे कोणी करील का?' हा प्रश्न विचारायला माणूस लागतो. ज्याला स्वतःला मरण आहे, ज्याच्या घरी बायकामुले झोपलेली आहेत, त्याचाच हात अशा वेळी थबकतो. यंत्राला मरण नाही. ज्याला गमावण्यासारखे काही नाही त्याच्या हाती दुसऱ्याचे सर्वस्व द्यावे, हे आमच्या बुद्धीला पटत नाही.

तरी आज जगात तेच घडू पाहते आहे. माणसाने बटण न दाबता स्वतःच लक्ष्य शोधून मारणारी शस्त्रे तयार होत आहेत. २२ डिसेंबर २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांबद्दल काळजी व्यक्त करणारा ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. विरोधात मत देणाऱ्या चारांमध्ये आपला देश होता. सरकारचे म्हणणे असे होते की, ही चर्चा जिनिव्हात शस्त्रविषयक कराराच्या बैठकीत चालू आहे, तिथेच ती व्हावी. देशाच्या संरक्षणाचा प्रश्न आम्हालाही कळतो. आपली पोरे सीमेवर आहेत. पण ज्या देशाने आपल्या राष्ट्रध्वजावर अशोकाचे धम्मचक्र घेतले, त्या देशाने या बाबतीत पहिल्या रांगेत बसावे, असे म्हणण्याचा आपला अधिकार आहे. कलिंगाच्या रणभूमीवर प्रेते पाहून अशोकाचे मन पालटले. यंत्राने कितीही प्रेते मोजली तरी त्याचे मन पालटणार नाही. ते फक्त बेरीज करील.

आता आपल्या वस्तीकडे येऊ. इथे अणुबॉम्ब नाही. इथे अंगठा आहे.

आमच्याच लाइनीत एक मावशी राहतात. नाव घेत नाही. तीस वर्षे त्यांनी वाइंडिंगमध्ये सुताला गाठी मारल्या, ऑटोकोनर येण्याआधीच्या काळात. सुताने त्यांच्या बोटांच्या रेषा खाऊन टाकल्या. त्यांना प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन आहे. ती किती असते हे आपण सारे जाणता. २०१४ साली सरकारने ती कमीत कमी १००० रुपये केली, एवढ्यावरून समजा. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे पटवावे लागते. २०१४ च्या नोव्हेंबरपासून हा दाखला बोटाच्या ठशावर, मशीनवर घेण्याची सोय झाली. मावशींनी बोट ठेवले. जुळले नाही. दुसरे ठेवले. जुळले नाही. दहाही बोटे झाली. खिडकीतला मुलगा वाईट नव्हता. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही बसलाय ते मला दिसतंय, पण सिस्टीम घेत नाही."

हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. जिवंत बाई समोर बसली आहे, बोलते आहे, डोळ्यांना पदर लावते आहे, आणि पगारी माणूस सांगतो की यंत्राच्या लेखी तू नाहीस! चार महिने पेन्शन अडकली. रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड झाल्या. ठसे न उमटणाऱ्यांसाठी दुसरी वाट होतीच. कागदी दाखला अपवाद म्हणून चालतो. २०२१ पासून चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. पण ते सांगणारे कोणी खिडकीत नव्हते. शेवटी आपल्या विहारातील दोन मुले सोबत गेली, साहेबापुढे उभी राहिली, तेव्हा कागद निघाला. यंत्र बदलले नाही. माणूस सही करायला तयार झाला.

रेशनच्या दुकानात हेच. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवले आहे की, आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही एवढ्यावरून कोणाचे धान्य नाकारू नये. सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात कायदा बहुमताने कायम ठेवला, पण खऱ्या लाभार्थ्याला वगळले जाऊ नये हेही बजावले. कागद आपल्या बाजूने आहे. पण मशीनच्या पुढे उभी राहणारी म्हातारी तो कागद घेऊन येत नाही.

इथे आमचे काही तरुण मित्र एक मुद्दा काढतात, आणि तो साधा नाही. ते म्हणतात, "काका, माणसांनी आपल्याला कधी न्याय दिला? तलाठ्याने, सावकाराने, जॉबरने आडनाव विचारूनच निर्णय केले. त्यापेक्षा यंत्र बरे. ते जात विचारत नाही." रेशनचा दुकानदार पूर्वी खोट्या नोंदी करून धान्य काळ्या बाजारात विकत होता, मशीन आल्यावर त्याला चाप बसला, हेही ते सांगतात. हे आम्ही नाकारत नाही. तिकिटाच्या खिडकीवर कॉम्प्युटर आल्यावर आपला नंबर आपल्याला मिळू लागला, हेही खरे.

पण तरुण मित्रांनो, यंत्र जात विचारत नाही, एवढ्यावर भुलू नका. ते कोणत्या वहीवरून शिकले, ते विचारा. आजची ही हुशार यंत्रे जुन्या नोंदी वाचून शिकतात. आता मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आठवा. साळखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, पगार जास्त होता. तिथे आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय? कांडी बदलताना धोट्यातून धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. आपल्या माणसाचे तोंड लागलेला धोटा इतर कामगारांना चालत नसे. म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडला होता.

आता असे समजा की, त्या काळचे मस्टर आजच्या एखाद्या यंत्राला खायला घातले आणि विचारले, चांगला विणकर कोण होईल ते सांग. यंत्र सगळी पाने चाळील आणि म्हणेल, अमुक वस्तीतल्या, अमुक आडनावाच्या माणसांना घेऊ नका, त्यांच्यातला एकही चांगला विणकर आजवर नोंदलेला नाही. जातीचा रकाना वहीत नसला तरी ते हेच सांगेल. यात यंत्राचा द्वेष कुठेच नाही. हिशोब बरोबर आहे, आणि तरी तो अन्याय आहे. पूर्वी जॉबर तोंडावर म्हणायचा, तेव्हा त्याच्याशी भांडता तरी येत होते. आता तीच अस्पृश्यता शास्त्राचे कपडे घालून येईल आणि भांडायला समोर कोणी नसेल.

हे आमचे कल्पनेचे खेळ नाहीत. अमेरिकेत इस्पितळे कोणत्या रुग्णाला जास्त काळजीची गरज आहे हे ठरवायला एक प्रोग्रॅम वापरत होती. २०१९ साली 'सायन्स' या नामांकित नियतकालिकात त्याचा अभ्यास छापून आला. त्या प्रोग्रॅमला वंश सांगितलेलाच नव्हता. तो फक्त बघत होता की, पूर्वी कोणावर किती खर्च झाला. काळ्या लोकांवर मुळातच कमी खर्च होत आला होता. म्हणून यंत्र समजले की, ते कमी आजारी आहेत. हा दोष दूर केला तर जादा मदत मिळणाऱ्यांत काळ्या रुग्णांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्के होईल, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. पूर्वी कमी दिले, म्हणून आताही कमी द्या. ही आपल्या ओळखीची गोष्ट आहे ना?

हॉलंडमध्ये कर खात्याने मुलांच्या पाळणाघरासाठी मिळणाऱ्या अनुदानात लबाडी कोण करतो हे हुडकायला असेच यंत्र लावले. दुहेरी नागरिकत्व असणे हीदेखील त्यात संशयाची खूण होती. हजारो कुटुंबांवर खोटा आळ आला, भरमसाट वसुली निघाली, घरे मोडली. जानेवारी २०२१ मध्ये त्या प्रकरणी तिथल्या अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. श्रीमंत, शिकलेल्या देशाची ही गत, तर आपल्याकडे किती सावध राहावे लागेल?

आता धम्माच्या दृष्टीने थोडे बोलतो. भन्तेजी इथे बसले आहेत, चुकल्यास सांभाळून घ्यावे. भगवंतांनी कर्म कशाला म्हटले? चेतनेला. मनात हेतू असेल तर कर्म, आणि कर्म असेल तर त्याची जबाबदारी. यंत्राला चेतना नाही, म्हणून त्याला कर्म नाही, म्हणून जबाबदारीही नाही. मग यंत्राने कोणाचा घास काढला तर ते कर्म कोणाचे? ज्याने आकडा घातला त्याचे, ज्याने कुलूप काढले त्याचे, आणि ज्याने डोळ्यांनी बघूनही 'सिस्टीम घेत नाही' म्हटले त्याचे. कर्म यंत्रावर ढकलता येत नाही.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी जो उपदेश केला तो आपण नेहमी सांगतो की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून काही मानू नका. पण त्याच यादीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. केवळ तर्काला जुळते म्हणूनही मानू नका, असे भगवंत सांगतात. त्यातून कोणाचे हित होते, कोणाला दुःख होते, हे स्वतः पाहून ठरवा. यंत्राजवळ तर्क भरपूर आहे. दुःख पाहण्याचे इंद्रिय नाही.

आणि अंगुलिमालाची गोष्ट घ्या. प्रसेनजित राजा स्वारांचे पथक घेऊन त्याला पकडायला निघाला होता. नोंदी बघितल्या तर अंगुलिमाल म्हणजे खुन्यांचा खुनी. भगवंतांजवळ तो राजाला भिक्षू होऊन बसलेला दिसला, आणि राजाने हात जोडले. राजाच्या जागी आजचे यंत्र असते तर? त्याने जुन्या नोंदी बघून तो पुन्हा खून करणार असे भाकीत केले असते. यंत्राला काल काय घडले एवढेच ठाऊक असते. माणूस आज बदलू शकतो, हे अनित्यतेचे सत्य त्याच्या वहीत बसत नाही. आपल्याला मात्र ते १४ ऑक्टोबर १९५६ पासून अनुभवाने माहीत आहे. लाखो माणसांनी एका दिवसात आपला काल टाकून दिला. कोणत्या यंत्राने ते भाकीत केले असते?

मग करायचे काय? मशीन फोडायचे? मुळीच नाही. आमचे म्हणणे चार कलमांत सांगतो.

एक : 'हो' म्हणायचा अधिकार यंत्राला खुशाल द्या, 'नाही' म्हणायचा देऊ नका. अंगठा जुळला तर यंत्राने धान्य द्यावे, त्यात वेळ वाचेल. जुळला नाही तर तिथे यंत्राचे काम संपले आणि माणसाचे सुरू झाले. धान्य, औषध, पेन्शन नाकारायची असेल तर नाव आणि हुद्दा असलेल्या माणसाने सही करून नाकारावी.

दोन : नाकारण्याचे कारण आपल्या भाषेत, लेखी मिळाले पाहिजे. 'सिस्टीम घेत नाही' हे कारण नव्हे. युरोपात २०१८ पासून असा कायदा आहे की, माणसाच्या आयुष्यावर मोठा परिणाम करणारा निर्णय निव्वळ यंत्राने केला असेल तर तो न मानता माणसाकडून फेरविचार मागता येतो. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण त्यात असा स्पष्ट हक्क नाही. तो मिळावा ही मागणी आपल्या संघटनांनी केली पाहिजे.

तीन : यंत्राला कोणत्या वहीवरून शिकवले ते उघड करावे, आणि ते तपासायला आपली मुले तिथे असावीत. नुसते मोबाइल वापरायला शिकू नका, मित्रांनो. त्याच्या पोटात काय घातले आहे ते शिका. बाबासाहेबांनी संविधान लिहिणाऱ्यांत आपला माणूस बसवला. आता यंत्राचे नियम लिहिले जात आहेत, तिथेही बसावे लागेल.

चार : जीव घेण्याचा निर्णय यंत्राकडे कधीच, कोणत्याही कारणासाठी देऊ नये. यात तडजोड नाही.

आणि शेवटी आपल्या विहारापुरते. येत्या पौर्णिमेपासून विहारात एक वही ठेवावी, अशी समितीला विनंती आहे. ज्याचे धान्य, पेन्शन, शिष्यवृत्ती यंत्राने अडवली त्याने तारीख, ठिकाण आणि तिथे काय सांगितले गेले ते वहीत लिहावे. लिहिता येत नसेल त्याला शाळेतल्या पोरांनी लिहून द्यावे. दर महिन्याला दोन तरुण ती वही घेऊन कचेरीत जातील. अन्नसुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आहे, राज्याला अन्न आयोग आहे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. एकट्या म्हाताऱ्या माणसाला मशीनपुढे पाठवू नका. सोबत जा. यंत्राला ती म्हातारी दिसत नसेल, पण आपल्याला दिसते ना? मग तिची साक्ष आपण द्यायची.



नमो बुद्धाय! जयभीम!